घोडा की रानगाढव? सुरकोटडाच्या हाडांची साक्ष

१/
कच्छमधील सुरकोटडा या हडप्पाकालीन वसाहतीत सापडलेली काही हाडे आणि दात गेली पन्नास वर्षे वादाचा विषय आहेत. ती घोड्याची आहेत की रानगाढवाची, एवढाच मूळ प्रश्न. पण त्याला वेदांचा काळ, आर्यांचे मूळस्थान, सिंधू संस्कृतीचा वारसा असे मोठमोठे प्रश्न येऊन चिकटले. वाद वाढला आणि हाडे मागे पडली. हा धागा त्या हाडांविषयी आहे. उत्खननात मिळालेले हाड अभ्यासक कसे वाचतात आणि त्याच्याकडून किती साक्ष घेता येते, हे या एका उदाहरणातून पाहता येईल. 🧵

२/
सुरकोटडाचा शोध भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जगत्पती जोशी यांनी १९६४ साली लावला. १९७१–७२ मध्ये तेथे उत्खनन झाले. तटबंदीने वेढलेली बालेकिल्ल्यासारखी वस्ती आणि तिला लागून निवासी भाग, अशी या स्थळाची रचना. वसाहतीचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. २३०० ते १७०० असा मानला जातो. येथील प्राण्यांच्या अवशेषांत घोड्याची हाडे असल्याचे ए. के. शर्मा यांनी १९७४ साली ‘पुरातत्त्व’ या नियतकालिकात मांडले.

३/
पुढे १९९० च्या दशकात हंगेरीचे ख्यातनाम तज्ज्ञ शांडोर ब्योक्योन्यी यांनी हे अवशेष तपासले आणि त्यांत खरा, पाळीव घोडा असल्याचा निर्वाळा दिला. १९९४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचा लेख १९९७ मध्ये ‘साउथ एशियन स्टडीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच अंकात रिचर्ड मेडो आणि अजिता पटेल यांचे उत्तरही छापले गेले. ब्योक्योन्यींनी दाखवलेली लक्षणे घोडा सिद्ध करण्यास पुरेशी नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

४/
दोन्ही बाजूंचे अभ्यासक या शास्त्रात मुरलेले. हाडे तीच, दात तेच. मग निष्कर्ष वेगळे का? याचे उत्तर कोणाच्या हेतूत शोधण्याची घाई समाजमाध्यमांवर नेहमीच होते. ते शोधायचे असेल तर आधी पद्धत समजून घ्यावी लागते. पुरातत्त्वीय प्राणिशास्त्रात एखादे हाड ‘घोड्याचे’ ठरेपर्यंत त्याला अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर ते घसरू शकते.

५/
पहिली पायरी : हाड हाती कसे आले?

उत्खननात माती केवळ नजरेने तपासली तर मोठी हाडे वेचली जातात आणि लहान निसटतात. सेबॅस्टियन पेन यांनी ग्रीसमधील सिताग्रोई येथे उकरलेली माती चाळून पाहिली. मेंढ्या, शेळ्या, डुकरे यांचे सुटे दात आणि छोटी हाडे मोठ्या प्रमाणात नजरेतून सुटत असल्याचे तेव्हा स्पष्ट झाले. मासे आणि पक्षी यांच्याबाबत तर चाळणीवाचून काही बोलणेच अवघड. म्हणून कोणत्याही अहवालात ‘अमुक प्राणी सर्वाधिक’ असे वाचले, की माती चाळली होती का, हा पहिला प्रश्न विचारावा.

६/
दुसरी पायरी : मधल्या काळात हाडाचे काय झाले?

प्राणी मेल्यापासून त्याचे हाड अभ्यासकाच्या टेबलावर येईपर्यंतच्या प्रवासाचा अभ्यास म्हणजे टॅफोनॉमी. हा शब्द रशियन शास्त्रज्ञ इव्हान येफ्रेमोव यांनी १९४० साली रूढ केला. कुत्री हाडांची मऊ टोके चघळतात. उघड्यावरची हाडे ऊनपावसाने भेगाळतात. आम्लधर्मी मातीत ती विरून जातात. दात मात्र टिकतात, कारण दंतवल्क हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. घोड्याच्या वादात दातांना एवढे महत्त्व येण्याचे हे एक कारण.

७/
तिसरी पायरी : प्राणी कोणता?

यासाठी ग्रंथांपेक्षा हाडे अधिक उपयोगी पडतात. प्रयोगशाळेत ज्ञात प्राण्यांचे सांगाडे जपून ठेवलेले असतात. उत्खननातला तुकडा त्यांच्याशी लावून पाहिला जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असा तुलनासंग्रह आहे आणि देशातील अनेक स्थळांचे प्राणिअवशेष तेथे अभ्यासले गेले आहेत. गाय आणि हरिण यांतला फरक सरावलेल्या नजरेला चटकन कळतो. जवळच्या नात्यातील प्राण्यांत मात्र कसोटी लागते. शेळी आणि मेंढी यांची बरीचशी हाडे इतकी सारखी असतात की अहवालांत ‘शेळी/मेंढी’ असा एकत्रित रकाना असतो.

८/
घोडा, गाढव आणि रानगाढव हे असेच एका कुळातील प्राणी. त्यात कच्छचे वैशिष्ट्य असे, की भारतीय रानगाढवाचे, म्हणजे गुजरातीत ज्याला घुडखर म्हणतात त्या प्राण्याचे, हे घरच आहे. आजही कच्छच्या छोट्या रणात त्याचे कळप दिसतात. त्यामुळे सुरकोटडात अश्वकुळातील हाड सापडले, यात नवल काहीच नाही. ते कुळातील कोणत्या प्राण्याचे, एवढाच वाद आहे.

९/
दातांवरून हा भेद कसा करतात?

या प्राण्यांच्या दाढा घासल्या गेल्या की पृष्ठभागावर दंतवल्काची नागमोडी नक्षी दिसते. खालच्या दाढेच्या जिभेकडील बाजूस दोन वळसे शेजारीशेजारी असतात. त्यांच्यामधली खाच घोड्यात बहुधा रुंद व गोलसर असते, तर गाढव-रानगाढवांत बहुधा अरुंद व टोकदार. वरच्या दाढेत आतल्या बाजूचा वळसा घोड्यात अधिक लांबट असतो, आणि एक छोटीशी जादा घडीही अनेकदा आढळते.

१०/
येथे ‘बहुधा’ आणि ‘अनेकदा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गवत चावून चावून दाढ आयुष्यभर झिजत राहते आणि झिजेनुसार नक्षीचा आकार बदलतो. एकाच प्राण्याच्या तरुणपणातील आणि म्हातारपणातील दाढेवरची नक्षी वेगळी दिसू शकते. शिवाय एकाच जातीतील दोन प्राण्यांतही फरक असतो. जबड्यात दातांची सलग रांग असेल तर निदान अधिक भक्कम होते. सुट्या दातावर विसंबायचे असेल तर त्याच झिजेचे, त्याच जागेचे अनेक दात तुलनेला हवेत.

११/
चौथी पायरी : मोजमाप.

हाडांची मापे कोठून कोठपर्यंत घ्यावीत, याचे प्रमाणित नियम अँजेला फॉन डेन ड्रिश यांनी १९७६ साली पुस्तकरूपाने दिले. आजही जगभर तेच वापरले जातात. त्यामुळे सीरियातील हाड आणि कच्छमधील हाड एकाच आलेखावर मांडता येते. अश्वकुळात पायाच्या खालच्या भागातील हाडे विशेष उपयोगी ठरतात. रानगाढवाची ही हाडे सडपातळ असतात, घोड्याची तुलनेने रुंद. पण प्राचीन घोडे आजच्या घोड्यांएवढे उंचेपुरे नव्हते. लहान चणीचा घोडा आणि थोराड रानगाढव यांची मापे एकमेकांच्या हद्दीत शिरतात.

१२/
आता ब्योक्योन्यींचा युक्तिवाद पाहू. वरच्या व खालच्या दाढांवरील नक्षी, पुढच्या दातांचा आकार आणि पायाच्या बोटांची हाडे या आधारे त्यांनी काही अवशेष घोड्याचे ठरवले. हिमयुगानंतर भारतात रानटी घोडा नव्हता, म्हणून हा घोडा पाळीवच असला पाहिजे, हा त्यांचा पुढचा तर्क. जबड्याच्या एका तुकड्यातील दातावर विशिष्ट झीज त्यांना आढळली. बांधून ठेवलेल्या घोड्याला गव्हाणीची कड चावण्याची खोड लागते, तिची ही खूण, असा अर्थ त्यांनी लावला.

१३/
मेडो हे हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयातील प्राणिपुरातत्त्वज्ञ. मेहेरगढ, हडप्पा, पिराक अशा स्थळांवरील हाडे त्यांनी वर्षानुवर्षे हाताळलेली. त्यांचा आणि पटेल यांचा मुद्दा असा : ज्या आकारांवरून आणि मापांवरून घोडा ठरवला गेला, ते रानगाढवातील नैसर्गिक विविधतेच्या बाहेरचे आहेत असे दाखवता येत नाही. येथे घोडा नव्हताच, असा दावा यात नाही. पुरावा घोड्यापर्यंत पोहोचत नाही, असे हे म्हणणे आहे. या दोन विधानांतला फरक वादाच्या भरात बहुतेकदा पुसला जातो.

१४/
युक्तिवादाची रचना पाहिली तर अडचण कोठे आहे हे कळते. ‘भारतात रानटी घोडा नव्हता, म्हणून हा पाळीव’ हे विधान ‘हा घोडाच’ या विधानावर उभे आहे. पहिली पायरी पक्की असेल तर दुसरी सहज जमते. पहिली डळमळीत असेल तर दुसरीला आधारच उरत नाही. गव्हाण चावण्याची खूण मात्र काहीशी स्वतंत्र साक्ष आहे. म्हणूनच तशी झीज अन्य कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही ना, हे तपासणे तेथे अधिकच आवश्यक ठरते.

१५/
पाचवी पायरी : किती प्राणी?

मोजण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एक म्हणजे ओळखता आलेल्या तुकड्यांची बेरीज. दुसरी, किमान प्राणीसंख्या. समजा एका थरात डाव्या मांडीची ३ आणि उजव्या मांडीची ५ हाडे मिळाली, तर तेथे किमान ५ प्राणी असलेच पाहिजेत. पहिल्या रीतीत एकाच प्राण्याचे वीस तुकडे वीस वेळा मोजले जाण्याचा धोका असतो. दुसरीत एखादा सुटा दातही अख्खा प्राणी होऊन बसतो. दोन्ही आकडे सोबत वाचावेत, हे उत्तम.

१६/
सहावी पायरी : प्राणी कोणत्या वयात मेला, आणि कसा?

दात कधी उगवले, किती झिजले, हाडांची टोके जुळून आली होती की नाही, यावरून वय काढतात. मांसासाठी पाळलेल्या कळपात तरुण नर अधिक कापले जातात. दुधासाठी पाळलेल्या कळपात नर कोकरे फार लवकर मारली जातात. लोकरीसाठीच्या कळपात प्रौढ जनावरे दीर्घकाळ राखली जातात. पेन यांनी १९७३ साली मांडलेली ही सूत्रे आजही वापरात आहेत. सोबतीला सुरीच्या खुणा, भाजल्याचे डाग आणि मज्जेसाठी हाड फोडल्याच्या खुणाही पाहतात. शिकार करून खाल्लेला प्राणी आणि वर्षानुवर्षे राबवून घेतलेला प्राणी यांची हाडे सारखे बोलत नाहीत.

१७/
सातवी पायरी : हाड कोणत्या संदर्भात मिळाले?

येथे महाराष्ट्रातील एक उदाहरण उद्बोधक आहे. नागपूरजवळील माहुरझरी येथे लोहयुगीन शिलावर्तुळे आहेत. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९७०–७२ मध्ये झालेल्या उत्खननात माणसांच्या दफनांसोबत घोड्यांचे अवशेष आणि घोड्याच्या मुखावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले. तेथे घोड्याची ओळख एखाद्या दाढेच्या खाचेवर अवलंबून नाही. हाडे, साज आणि दफनाची रीत अशा तिन्ही साक्षी एकच गोष्ट सांगतात.

१८/
बलुचिस्तानच्या पायथ्याशी, कच्छी मैदानात असलेले पिराक हेही असेच उदाहरण. तेथे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या थरांत घोड्याची हाडे मिळालीच, शिवाय घोड्यांच्या आणि स्वारांच्या मृण्मूर्तीही मिळाल्या. तेथील हाडांचा अभ्यास मेडो यांनीच केला आणि घोड्याचे अस्तित्व नि:संकोच नोंदवले. सुरकोटडाच्या बाबतीत त्यांनी घेतलेल्या शंकेला ‘घोड्याचा द्वेष’ म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

१९/
आठवी पायरी : काळ.

हाड ज्या थरात सापडले त्या थराचा काळ हाच हाडाचा काळ, असे गृहीत धरले जाते. उंदीर-घुशी बिळे करतात. नंतरच्या पिढ्या खड्डे खणतात. वरचे हाड खाली आणि खालचे वर सरकते. शंका फिटवायची असेल तर खुद्द हाडाचेच कार्बन-१४ कालमापन करावे लागते. त्यासाठी हाडात कोलॅजेन हे प्रथिन शिल्लक असावे लागते, आणि उष्ण हवामानात तेच लवकर नष्ट होते. आपल्या देशातील अनेक वाद इथे येऊन अडतात.

२०/
नववी पायरी नव्या काळाची आहे : प्राचीन डीएनए.

सीरियातील उम्म एल-मर्रा येथे सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या उच्चभ्रूंच्या दफनांसोबत अश्वकुळातील प्राणी पुरलेले आढळले. त्यांची हाडे ना गाढवाशी जुळत, ना रानगाढवाशी. मेसोपोटेमियातील लेखांत ‘कुंगा’ नावाच्या मौल्यवान, रथ ओढणाऱ्या प्राण्याचा उल्लेख येतो. तोच हा असावा, असा तर्क होता. २०२२ साली डीएनए अभ्यासाने सिद्ध झाले की हे प्राणी पाळीव गाढवी आणि सीरियातील रानगाढव नर यांचे संकर होते. त्यांचा पिता कच्छच्या घुडखराच्याच जातीतील, वेगळ्या उपजातीचा.

२१/
कुंगाचे उदाहरण दोन गोष्टी शिकवते. पहिली म्हणजे, हाडांचे आकार जेथे थबकतात तेथून डीएनए पुढे नेऊ शकतो. दुसरी अधिक महत्त्वाची. ‘घोडा की रानगाढव’ असा दोनच पर्यायांचा प्रश्न विचारला, की उत्तरही त्या दोहोंतच शोधले जाते. प्राचीन माणसाने संकर घडवले होते, आणि संकराची हाडे दोन्हीकडची लक्षणे मिरवतात.

२२/
२०२१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७३ प्राचीन घोड्यांचे जनुकीय आराखडे तपासले गेले. आजच्या पाळीव घोड्यांचा वंश व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांच्या प्रदेशात उगम पावला आणि इ.स.पू. सुमारे २००० पासून युरोप-आशियात झपाट्याने पसरला, असा त्याचा निष्कर्ष. सुरकोटडाची वसाहत याच काळाच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली आहे. म्हणून वादातील प्रत्येक हाड इ.स.पू. २२०० चे की १८०० चे, यावर त्याचा अर्थ बदलतो. ‘हडप्पाकालीन’ एवढे म्हणून भागत नाही.

२३/
आता गृहीत धरू की उद्या डीएनएने सुरकोटडाचा घोडा सिद्ध झाला. त्यातून काय ठरेल? कच्छच्या त्या वसाहतीत, त्या काळी, निदान एक घोडा होता. तो तेथे जन्मला की व्यापारातून आला, हे वेगळे तपासावे लागेल. त्याचा मालक कोणती भाषा बोलत होता, हे दाढेवर लिहिलेले नसते. उलट, ती हाडे रानगाढवाची ठरली तरी संपूर्ण सिंधू खोऱ्यात कधीच घोडा आला नाही, हे सिद्ध होणार नाही. एका स्थळाच्या काही हाडांवर संपूर्ण संस्कृतीचा भार टाकला, की पुरावा मोडतो.

२४/
या गदारोळात एक नुकसान असे झाले, की बाकीची हाडे कोणी वाचेनासे झाले. हडप्पाकालीन स्थळांवर सर्वाधिक हाडे मिळतात ती गाईबैल आणि म्हशींची, त्यांच्या जोडीला शेळ्यामेंढ्यांची. मेहेरगढच्या थरांत खालून वर येताना गाईबैलांचा आकार हळूहळू घटत गेला, हे मेडो यांनी मापांवरून दाखवले. वशिंडाचा बैल याच भूमीत माणसाळला, या निष्कर्षाचा तो एक मोठा आधार आहे. शेतीच्या इतिहासात या शोधाचे मोल थोर आहे. पण त्यावर समाजमाध्यमांत भांडणे होत नाहीत, म्हणून तो फारसा कोणाला ठाऊकही नाही.

२५/
पुढच्या वेळी ‘अमुक ठिकाणी घोडा सापडला’ किंवा ‘घोडा नव्हताच’ असा मथळा दिसला, तर ही प्रश्नावली सोबत ठेवावी :

▪️ माती चाळली होती का?
▪️ हाड कोणते? सुटा दात की सलग जबडा?
▪️ तुलना कोणत्या प्राण्यांशी केली? स्थानिक रानगाढवाशी केली का?
▪️ मापे प्रसिद्ध झाली आहेत का?
▪️ कालमापन थराचे आहे की खुद्द हाडाचे?
▪️ साज, मूर्ती, दफन अशी स्वतंत्र साक्ष आहे का?
▪️ दुसऱ्या अभ्यासकाने तेच हाड हातात घेऊन पाहिले आहे का?

२६/
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सुरकोटडाच्या बाबतीत ‘होय’ असे आहे. शर्मा यांनी दावा मांडला. परदेशी तज्ज्ञाने हाडे पुन्हा तपासली. लेख छापताना नियतकालिकाने विरोधी मतालाही त्याच अंकात जागा दिली. दोन्ही बाजूंनी आपली कारणे उघडपणे मांडली आणि ती आजही कोणालाही वाचून तपासता येतात. निकाल बाकी आहे. पण वाद कसा घालावा याचा धडा त्या १९९७ च्या अंकात आहे, आणि घोड्याच्या बाजूने वा विरोधात लिहिण्यापूर्वी तो एकदा वाचायला हवा.

(धागा समाप्त)